कोझलुकच्या हिरव्या काचा

नमस्कार, श्रोतेहो. हाती सापडलेल्या निःशस्त्र माणसाला युद्धातही मारता येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. हा नियम मोडला गेल्याचे परक्या देशातून आलेले तपासनीस सिद्ध कसे करतात, ते आज सांगणार आहे.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या हेग येथील न्यायाधिकरणाने १९९६ पासून सामूहिक कबरी उकरायला घेतल्या, तेव्हा त्यांपैकी काही आधीच उपसलेल्या निघाल्या.

आता कोझलुकचे ऐका. द्रिना नदीकाठच्या या गावी बाटल्या भरण्याचा कारखाना होता आणि त्याच्या फुटक्या हिरव्या बाटल्या जवळच टाकल्या जात. नेमक्या त्याच काचांच्या ढिगावर कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे, पुरावा नाहीसा करण्यासाठी, यंत्राने प्रेते उचलून चांचारी रस्त्याकडेच्या नव्या खड्ड्यांत नेऊन पुरली. परंतु यंत्राचा फावडा प्रेत आणि काच वेगळी काढत नाही. तपासनीसांनी चांचारीचे खड्डे उकरले, तर मातीत हिरव्या काचा आणि बाटल्यांवरची लेबले! पुन्हा सांगतो, कारखाना कोझलुकला आणि काच चांचारीला. ती तिथे आपल्या पायांनी चालत गेली नव्हती.

आपल्याकडे पंच न पाहताच सही करतात आणि पंचनाम्याला कुणी किंमत देत नाही, याचा मला नेहमी राग येतो. कुठल्या थरात काय सापडले, हे तिथल्या तिथे लिहिले नसते, तर ती काच निव्वळ कचरा ठरली असती.

हे सारे लढाईत पडलेले सैनिक होते, असा बचावाचा दावा होता. मात्र कबरींत डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि हात बांधलेल्या दोऱ्या निघाल्या. डोळे बांधून कुणी लढत नाही, श्रोतेहो. माती, परागकण, काडतुसांची टरफले, विमानातून टिपलेली छायाचित्रे आणि वाचलेल्यांच्या साक्षी यांचीही जोड मिळाली.

२००१ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याचे जनरल राडिस्लाव क्रस्टिच यांना वंशसंहाराबद्दल ४६ वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये अपिलात त्यांचा दोष साहाय्य करण्यापुरता ठरून ती ३५ वर्षांवर आली. स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला, हा निष्कर्ष मात्र कायम राहिला.