व्हेजी बर्गर : पाकीट उलटं करून वाचा

विकतच्या व्हेजी बर्गरमध्ये सगळ्यात चांगला कोणता, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, चांगला म्हणजे कशासाठी? फ्रीझरमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या या पॅटींचं नाव एक असलं तरी कूळ एक नाही.

१९८२ साली लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी ‘व्हेजबर्गर’ बाजारात आणला. ते कोरडं मिश्रण होतं. पाणी घालून भिजवायचं, थापायचं आणि भाजायचं. त्याच दशकात अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात पॉल वेनर यांनी आपल्या उपाहारगृहातल्या उरलेल्या भाज्या आणि भात यांतून ‘गार्डनबर्गर’ घडवला. धान्य, भाज्या, कडधान्यं अशी ही एक शाखा. दुसरी शाखा सोया आणि गव्हाच्या ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची. ‘क्वॉर्न’ तिसऱ्याच घरातला. त्यातलं मायकोप्रोटीन म्हणजे टाक्यांमध्ये वाढवलेली एक बुरशी, आणि तिची बांधणी बऱ्याच उत्पादनांत अंड्याच्या पांढऱ्या भागाने केलेली असते. शाकाहारी ग्राहकाने हे पाहून घ्यायलाच हवं. २०१६ मध्ये आलेले ‘बियाँड’ आणि ‘इम्पॉसिबल’ या अमेरिकी कंपन्यांचे बर्गर, त्यांचा उद्देशच वेगळा होता. मांस खाणाऱ्याला फरक कळू नये, हे त्यांचं ध्येय. आता भाज्यांची पॅटी घेऊन ‘ही मांसासारखी लागत नाही’ म्हणणं हा त्या पॅटीवर अन्याय आहे. तो दावा तिने कधी केलाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की चव आणि पोषण या दोन्हींचा अंदाज पाकिटाच्या मागच्या घटकांच्या यादीवरून बऱ्यापैकी बांधता येतो. समोरच्या चित्रावरून यातलं काहीच कळत नाही. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. प्रथिन कशाचं, चरबी कोणती आणि हे सगळं धरून ठेवणारा पदार्थ कोणता, एवढं शोधा.

पण आकडे पाहण्याआधी वजन पाहा. एका पाकिटावर ‘एका पॅटीत १३ ग्रॅम प्रथिनं’ लिहिलंय, दुसऱ्यावर २० ग्रॅम. दुसरी सरस वाटते. पण पहिली पॅटी ७१ ग्रॅमची आणि दुसरी ११३ ग्रॅमची असेल, तर १०० ग्रॅममागे दोघींत साधारण १८ ग्रॅमच प्रथिनं निघतात. एका पॅटीमागचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना माझ्या लेखी तुलनाच नाही.

प्रथिनांच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे दर्जा. तो मोजायच्या एका मान्य पद्धतीत सर्वोच्च गुण १ असतो. वेगळं काढलेलं सोया प्रथिन १ च्या अगदी जवळ पोहोचतं, वाटाण्याचं थोडं खाली राहतं आणि गव्हाचं ग्लुटेन एकटं असेल तर ०.२५ च्या आसपास अडकतं, कारण त्यात लायसिन हे शरीराला अन्नातूनच घ्यावं लागणारं अमिनो आम्ल फार कमी. दिवसभरात डाळी-कडधान्यं खाणाऱ्याला याची काळजी नको, ती कसर तिथे भरून निघते. पण ग्लुटेनच्या पॅटीवरच भिस्त ठेवून प्रथिनांचा हिशेब करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. भाज्या आणि धान्यांच्या पॅटीत तर प्रथिनं मुळातच कमी, कित्येकदा पाच-सहा ग्रॅम. ती भाजी म्हणून खावी. तिचा गुण तंतुमय पदार्थांत आहे आणि मांसात ते शून्य असतात.

आता चवीकडे येते, कारण चवीवाचून पोषण ताटातच राहतं.

वाटाण्याच्या प्रथिनाला कापलेल्या गवतासारखा एक हिरवट वास असतो. दाण्यातल्या चरबीचं विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिडीकरण होतं, त्यातून हेक्झॅनल नावाचं संयुग तयार होतं, आणि नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही जाणवतं. हा वास झाकायला उत्पादक धुराचा स्वाद, यीस्टचा अर्क, कांदा-लसूण पूड वापरतात. यादीत ही मंडळी दाटीने दिसली तर खाली काय झाकलंय ते ओळखा. इम्पॉसिबलने वेगळी वाट धरली. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत लेगहिमोग्लोबिन नावाचं, लोह बाळगणारं प्रथिन असतं. ते त्यांनी यीस्टकरवी बनवून घेतलं. मांस शिजताना येणारा खास वास घडवण्यात हीमचा, म्हणजे अशा प्रथिनातल्या लोह असलेल्या लाल भागाचा, मोठा वाटा असतो. म्हणून ही पॅटी आतून लालसर दिसते आणि भाजताना तपकिरी होते. बियाँडमध्ये लाली बिटाच्या रसाची.

पोताबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण घरोघरी होणाऱ्या चवपरीक्षेत इथेच गफलत होते. मांसासारख्या बहुतेक पॅटींत मिथाइलसेल्युलोज हा मिश्रण बांधून ठेवणारा पदार्थ असतो. बहुतेक पदार्थ गार झाल्यावर घट्ट होतात, याचं उलटं. ते तापल्यावर घट्ट होतं आणि गार झाल्यावर पुन्हा सैल पडतं. म्हणून तव्यावरून उतरवलेली पॅटी दाताखाली छान दाद देते आणि दहा-पंधरा मिनिटं ताटात राहिली की तीच गुळगुळीत, पेस्टसारखी लागते. कडधान्य आणि भाताच्या पॅटीत स्टार्च असतो. ती तव्यावर मऊ, उलटताना तुटायला आलेली, पण थोडी निवल्यावर आवळून येते. म्हणजे दोन पॅटी एकदम भाजून पाहुण्यांची वाट पाहत ठेवल्या, तर एक चुकीच्या दिशेने जातेय आणि दुसरी सुधारतेय. चव घ्यायची तर आधी बन, सॉस, चीज काही न लावता, अर्धी गरम असताना आणि अर्धी निवल्यावर खा. डब्यात न्यायची असेल तर दुसरा घास महत्त्वाचा.

भाजण्याबाबत एकच सांगते. खरपूसपणा साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट येतो आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणून मायक्रोवेव्हमधली पॅटी फिकी लागते. तवा चांगला तापू द्या, पॅटी उलथन्याने दाबू नका.

चरबीच्या रकान्यात संपृक्त चरबी वेगळी पाहा. इम्पॉसिबलच्या २०१९ च्या कृतीत ११३ ग्रॅमला ती ८ ग्रॅम होती, म्हणजे २० टक्के चरबीच्या गोमांस खिम्याच्या जवळपास. कारण खोबरेल तेल. ते थंड जागी गोठतं, तव्यावर वितळतं आणि तोंडात रसदारपणा आणतं. वनस्पतिजन्य आहे म्हणून रक्तवाहिन्यांना चालेल, हा समज इथे टिकत नाही. बियाँडने २०२४ मध्ये खोबरेल काढून अ‍ॅव्होकाडोचं तेल घातलं आणि संपृक्त चरबी २ ग्रॅमवर आणली. त्या बदलाचं मी मनापासून स्वागत करते. ठरवलं तर हे जमतं, हे त्यातून दिसलं.

मीठ ही सगळ्यांचीच दुखरी बाजू आहे. एका पॅटीत ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम सर्रास असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. बन, चीज, सॉस यांचं त्यावर वेगळं. काही जण इथे तेवढ्याच कच्च्या मांसातल्या सोडियमचा ७५ मिलिग्रॅमचा आकडा पुढे करतात. ते बरोबर नाही, मांसावर मीठ स्वयंपाकघरात पडतंच.

‘पण हे अतिप्रक्रिया केलेलं अन्न ना?’ हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. मात्र तो प्रयोग संपूर्ण आहाराचा होता, बर्गरचा नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य पर्याय खाल्ले. पर्यायांच्या काळात त्यांचं एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) कोलेस्टेरॉल आणि वजन थोडं कमी भरलं. या अभ्यासाला पैसा बियाँड मीटचा होता, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. माझं मत विचाराल तर, मांसाच्या जागी येणारी ही पॅटी फायद्याची असू शकते. पण आधीच डाळी, उसळी, भाज्या खाणाऱ्याने त्यांच्या जागी ती रोज आणली, तर तोटा त्याचाच. अशा माणसाने अख्खी कडधान्यं दिसणारी पॅटी निवडावी.

आणि प्राणिज पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांसाठी एक ओळ शेवटी शोधायची राहते, जीवनसत्त्व बी-१२. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, म्हणून पॅटीत बाहेरून घालावं लागतं. काही उत्पादक घालतात, काही नाही. एकाच कंपनीच्या दोन पॅटींतही फरक सापडू शकतो. यादीत नाव नसेल तर त्या पॅटीतून ते मिळत नाही असं धरा आणि डॉक्टरांना विचारून गोळीची सोय करा.