फरशीखालची हवा

मंडळी, जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फरशीतल्या फटी बुजवल्या की झालं ना? नाही होत.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू बनतो. त्याला ना रंग, ना वास. त्याच्या विघटनातून तयार होणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. त्यातून कर्करोग होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांना तर हा धोका कितीतरी जास्त.

1984 साली पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाच्या अभियंत्यामुळे अणुवीज केंद्रातला किरणोत्साराचा भोंगा सारखा वाजायला लागला. गंमत अशी की केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूही झालेली नव्हती. किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता! ते घर पुढे दुरुस्त झालं आणि कुटुंब तिथे परत राहायलाही गेलं.

दुरुस्ती म्हणजे काय करतात? घरातली गरम हवा वर चढून निसटते, खाली दाब कमी होतो आणि घर जमिनीतली हवा ओढून घेतं. दहा फटी बुजवा, अकरावी सापडतेच. म्हणून फरशीखालचा दाबच खोलीपेक्षा कमी करायचा. फरशीला भोक पाडून खालची थोडी माती उपसायची, चार इंची पाइप बसवून तो छपराच्या वर न्यायचा आणि त्यात चोवीस तास चालणारा पंखा लावायचा. फटी बुजवायच्याच, पण या कामाला जोड म्हणून. पंखा मात्र राहत्या खोलीत किंवा तळघरात नको, माळ्यावर किंवा घराबाहेर हवा. पंख्याच्या पुढे पाइपात दाब जास्त असतो. तिथे गळती झाली तर रेडॉन थेट घरात.

पाइपावर रंगीत द्रव भरलेली इंग्रजी यू आकाराची नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी दिसली तर पंखा ओढतोय. सारखी झाली तर तो बंद पडलाय. पण ही नळी दाब सांगते, रेडॉन नाही. त्यासाठी मोजणीच हवी.

नवं घर बांधताना हे सगळं फार सोपं. काँक्रीट ओतण्याआधी चार इंच खडीचा थर, वर प्लॅस्टिकचा जाड कागद, खडीतून छपराच्या वरपर्यंत पाइप आणि माळ्यावर विजेचा एक पॉइंट. राहायला गेल्यावर मोजा. आकडा जास्त आला तर त्याच पाइपात पंखा बसवा. बिल्डर हा पॉइंट हमखास विसरतात, मागे लागून करून घ्या.

आकडा किती चालतो? जागतिक आरोग्य संघटना हवेच्या घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही पातळी सुचवते. ते जमतच नसेल तर 300 ची मर्यादा. शेजाऱ्याचा आकडा कमी आला म्हणून तुम्ही सुटलात असं नाही, लागून असलेल्या दोन घरांतही मोठा फरक पडतो. तळघराची खोली केलीत किंवा मोठी डागडुजी केलीत, तर पुन्हा मोजा.