अक्षर कुणाचं?

सप्टेंबर १८९४. पॅरिस. जर्मन वकिलातीतून फ्रेंच हेरखात्याच्या हाती एक फाडलेली चिठ्ठी लागते. सही नाही. लष्कराची कोणकोणती गुपितं पाठवतोय, त्याची नुसती यादी.

म्हणजे फितूर आपल्यातलाच. अधिकाऱ्यांच्या नावांवरून फिरणारं बोट एका नावावर थांबलं. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस. तोफखान्यातले, मूळचे जर्मनीनं जिंकून घेतलेल्या अल्सास प्रांतातले. आणि ज्यू.

१५ ऑक्टोबरला त्यांना बोलावून चिठ्ठीतलाच मजकूर लिहायला सांगितला. हात का थरथरतोय, असं विचारलं. बोटं गारठलीत, ते म्हणाले. अटक झाली. घराच्या झडतीत काहीच सापडलं नाही, तर आरोपपत्र म्हणालं, सगळं आधीच नाहीसं केलं असणार. जर्मन येते, तेही संशयास्पद.

मग आले आल्फाँस बेर्तियाँ. शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत यांचीच, युरोपभर नाव. त्यांचा निष्कर्ष ऐका. अक्षर जुळतं तिथं ते ड्रेफसचं. जुळत नाही तिथं ड्रेफसनं मुद्दाम बदललेलं. आता सांगा, हा माणूस सुटावा असं कुठलं अक्षर शिल्लक राहिलं?

जन्मठेप झाली. डेव्हिल्स आयलंड, फ्रान्सचं काळं पाणी.

१८९६. हेरखात्याचे नवे प्रमुख जॉर्ज पिकार यांच्यापुढे मेजर एस्तेरहाझीची पत्रं आली. त्यांनी जुनी चिठ्ठी शेजारी ठेवली. तेच वळण, तीच अक्षरं. ज्यूंविषयी पिकार यांचं मनही स्वच्छ नव्हतं, आणि ड्रेफस दोषी हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तरी समोर दिसलं ते त्यांनी नाकारलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

कुणाचं, कधीचं हे न सांगता त्यांनी ते अक्षर बेर्तियाँना दाखवलं. ते म्हणाले, हे तर चिठ्ठीचंच! लिखाण अलीकडचं आहे म्हटल्यावर, पिकार यांच्या साक्षीनुसार, उत्तर आलं: मग ज्यूंनी कुणाला तरी ते अक्षर गिरवायला शिकवलं असेल.

पिकार यांना ट्युनिशियाला धाडलं, पुढे तुरुंगातही टाकलं. एस्तेरहाझी जानेवारी १८९८ मध्ये निर्दोष सुटला.

ड्रेफस निष्कलंक ठरले १९०६ मध्ये. गणवेश परत मिळाला, पण कैदेतली वर्षं सेवाज्येष्ठतेत धरली नाहीत. ते दाद मागायला युद्धमंत्र्यांकडे गेले. मंत्री होते पिकार. त्यांनी नकार दिला.