हवा नको असलेली मंडळी

नमस्कार श्रोतेहो. आज हवेवाचून जगणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी. आपला श्वास कोंडला की खेळ खलास. यातल्या कित्येकांना हवाच मारते. १८६१ साली लुई पाश्चर काचपट्टीवरचा एक थेंब बघत होते. कडेला, जिथं हवा लागते, तिथले जंतू निपचित; मधोमध मात्र जोरात वळवळ. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं, की या जंतूंना हवा सोसत नाही. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत याच जातीचा कारभार चालतो.

आता आमच्या आत्तीची गोष्ट. करवीर तालुक्यात घर, दारात दोन म्हशी. (म्हशीचं दूध प्यावं तर कोल्हापूरच्या गंगावेशीत, समोर धार काढून घेतलेलं, पिशवीतल्या दुधाला मी दूध म्हणत नाही. असो.) एके दिवशी आत्तीचा सांगावा आला, "शेगडी पेटंना झालीया." कुणी म्हणालं पाइप तुंबला, कुणी म्हणालं शेण पातळ झालं, शेजारीण म्हणाली नजर लागली. शेवटी टाकी बांधणारा गवंडी आला. त्यानं शेणकाल्याच्या कुंडीत वाकून वास घेतला आणि विचारलं, "गोठा कशानं धुता?"

नातवानं शहरातनं फिनेलचा कॅन आणला होता. सकाळ-संध्याकाळ गोठा चकाचक, आणि ते पाणी मोरीतनं थेट टाकीत!

टाकीत दोन टोळ्या असतात. पहिली शेण कुजवून आम्ल करते, दुसरी त्या आम्लापासून मिथेन, म्हणजे जळणारा वायू. ही दुसरी टोळी भारी नाजूक. ती मेली की आम्ल साठतं, टाकी आंबते, गॅस बंद. म्हणून सांगतो: फिनेलचं पाणी टाकीत नको. साबणाचंही नको.

गवंड्यानं मोरी बाहेर वळवली. चार दिवस नवं शेण बंद ठेवलं, आणि शेजारच्या चालू टाकीतली मळी बादल्या भरभरून ओतली, दह्याला विरजण लावावं तशी. महिनाभरानं गॅस धरला, पण काडी लावली की विझायचा. सुरुवातीच्या गॅसात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो सोडून द्यायचा असतो. आत्तीनं कॉक उघडून सोडलाही, पण तोंड चालूच, "येवढा ग्यास वाया घालवायचा व्हय रं?"