गाडीवरचे जादा इंधन : डबा, वाफ आणि बांधणी

मित्रहो, रानवाटांवर गाडी घालणाऱ्या आपल्या मंडळींची बैठक भरली की चर्चा टायर, विंच आणि सस्पेन्शन यांच्याभोवतीच फिरते आणि मागच्या दारावर लटकणारा इंधनाचा डबा मात्र शोभेची वस्तू ठरतो. आज मी फक्त त्या डब्याविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण द्रवाची काळजी घेतो, पण पेटते ती वाफ; ती वाफ कुठे जाईल आणि हादऱ्यांनी डब्याचे काय होईल, या दोन गोष्टींचा विचार केला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जादा इंधन न्यावेच का, हे आधी ठरवले पाहिजे. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे आणि राधानगरीमार्गे दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. पन्नास लिटर टाकीची गाडी लो गिअरमध्ये चिखल तुडवत लिटरला पाचच किलोमीटर चालली असे धरले, तरी भरलेल्या टाकीवर अडीचशे किलोमीटरचा पल्ला हाती राहतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक सहलींसाठी सकाळी टाकी फुल करून निघणे पुरेसे असते आणि डबा घरीच राहिलेला बरा. हिमाचलातल्या टांडीच्या पंपावरचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक आपल्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिला असेल. तशा वाटेवर निघालेल्याने डबा घ्यावा. चंदगड-शाहूवाडीच्या डोंगरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला किंवा जेसीबीला डिझेल पोहोचवणाऱ्यालाही तो लागतोच. आणि महापुरात लागतो, ते मी स्वतः पाहिले आहे.

आता वाफेकडे येऊ. ज्या तापमानाला इंधनावर पेटण्याइतकी वाफ तयार होते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलसाठी तो शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या हवामानात पेट्रोल कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी पेटण्याच्या तयारीत असते. डिझेलविषयी मात्र आपल्याकडे एक निष्काळजी समज रुजला आहे, की काडी लावली तरी ते पेटत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा, एवढीच मानकाची अट आहे. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यातला पत्रा हाताला चटका देतो, तेव्हा त्यावर टेकलेल्या डब्यातले डिझेल या मर्यादेच्या वर गेलेले असणे सहज शक्य आहे. पेट्रोलपेक्षा ते सुरक्षित आहे हे खरे, पण ती सुरक्षितता उन्हाबरोबर कमी होत जाते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल जागी साचते. गाडीत सखल जागा म्हणजे पाय ठेवायचा खळगा, आसनाखालची पोकळी आणि मागचा हौदा. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयार होते. जीपच्या बंद केबिनमधली हवा तीन-साडेतीन हजार लिटर धरली, तर माझ्या हिशेबाने पाव लिटरच्या आसपास पेट्रोल पूर्ण उडून गेले की अख्खी केबिन त्या अवस्थेला पोहोचते, आणि पायाशी तर त्याहून कितीतरी कमी पेट्रोल पुरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी चढले, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा मी बोटींच्या इंजिनांसाठी पेट्रोल पोहोचवण्याचे काम करत होतो. घाईत मिळाले ते खाद्यतेलाचे तीन प्लास्टिकचे कॅन भरून जीपच्या मागच्या भागात ठेवले होते, पुढे तीन मुले बसली होती आणि पावसामुळे काचा बंद होत्या. खड्ड्यांच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेल्यावर त्यांतला एक मुलगा म्हणाला, “दादा, वास लई यायलाय.” पेट्रोल नेतो आहोत म्हणजे वास येणारच, असे मी त्याला सांगितले. पुढच्या दहा मिनिटांत त्याने तेच दोनदा सांगितले, तेव्हा मी गाडी थांबवली. आसन बसवण्याच्या बोल्टचे डोके तळाच्या पत्र्यातून बोटभर वर आले होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्यावर घासून एका कॅनच्या बुडाला जोंधळ्याच्या दाण्याएवढे भोक पडले होते. रबरी चटई भिजून चिंब झाली होती. त्या चटईपासून वीतभर अंतरावर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खोचलेला होता.

आम्ही इंजिन बंद केले, दारे उघडली, मुलांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला दूर उभे केले आणि गाडी मोकळी होईपर्यंत एकाही बटणाला हात लावला नाही. बॅटरीची वायर काढावी असे मला वाटले होते, पण वायर सुटताना ठिणगी पडते, म्हणून तो विचार सोडला. त्या दिवशी काही झाले नाही याचे श्रेय माझे नाही, तीनदा सांगणाऱ्या त्या मुलाचे आहे. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की माणसे बसतात त्या बंद जागेत इंधनाचा डबा कधीही ठेवू नये, मग तो कितीही चांगला असो आणि अंतर कितीही थोडे असो. गाडीत वास आला म्हणजे गळती झाली, असे समजून थांबावे.

डब्याविषयी बोलायचे तर, ज्याला आपण जेरीकॅन म्हणतो तो १९३७ च्या सुमारास जर्मनीत तयार झाला आणि त्याच्या रचनेचे श्रेय विन्झेन्झ ग्रुनफोगेल या अभियंत्याला दिले जाते. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत, तेव्हा त्यांनी हाती लागलेले जर्मन डबे वापरले आणि पुढे त्यांची नक्कलही केली. त्या डब्याकडे नीट पाहावे असे मला नेहमी वाटते, कारण त्यातली एकही गोष्ट उगीच नाही. दोन अर्धे भाग एकाच शिवणीने जोडलेले असल्यामुळे गळायला जागा कमी; बाजूंवर ठसवलेल्या खाचांमुळे उष्णतेने फुगायला वाव; वरच्या तीन मुठींमुळे एक माणूस किंवा दोघे मिळून तो उचलू शकतात; बूच फिरकीचे नसून खटक्याने दाबून बसणारे, म्हणून हादऱ्याने सैल होत नाही; आणि मुठींखालच्या फुगीर भागात हवा कोंडून राहते, ती इंधनाला प्रसरणासाठी जागा देते. ही जागा लागतेच. पहाटेच्या गारव्यात भरलेले वीस लिटर पेट्रोल दुपारपर्यंत २५ अंशांनी तापले तर ते जवळजवळ अर्ध्या लिटरने वाढते. काठोकाठ भरलेल्या डब्यात ते अर्धा लिटर बुचातून तरी बाहेर येते किंवा शिवण तरी उकलते.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय बाळगलेले पेट्रोल घट्ट बुचाच्या भांड्यातच ठेवावे लागते, आणि ते भांडे धातूचे असेल तर २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. भांड्यांच्या त्या यादीत काच आहे, चिनी मातीसारखे दगडी भांडे आहे, धातू आहे, प्लास्टिक नाही. स्वतःच्या वाहनासाठी टाकीव्यतिरिक्त कमाल शंभर लिटरची मुभा आहे, पण साठा तीस लिटरच्या पुढे गेला की तो माणसांच्या राहत्या-कामाच्या खोलीपासून वेगळ्या जागी ठेवणे बंधनकारक आहे. थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल घेणाऱ्यांना मी कायद्याआधी घरातली मुले आठवून देतो; तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहते, वास घेत बसत नाही.

डबा भरताना तो गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवावा. हौद्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर त्यावर ठेवलेल्या डब्यात साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि नोझल जवळ येताच तिची ठिणगी पडू शकते. नोझलचे टोक डब्याच्या तोंडाला टेकलेले असावे आणि धार बारीक असावी.

जागा आणि बांधणी हा विषय मला सर्वांत जवळचा आहे. भरलेला वीस लिटरचा डबा सुमारे १९ किलो भरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर तोच डबा सव्वादोनशे किलोहून अधिक जोराने पुढे ओढला जातो. सुंभ किंवा ताडपत्रीची दोरी एवढा जोर धरणार नाही. रॅचेटचा, म्हणजे दात्यांच्या खटक्याने आवळत नेता येणारा पट्टा आणि त्याखाली गाडीच्या चासीला बोल्टने घट्ट केलेली अँगलची चौकट, हीच खरी बांधणी. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातले कारागीर अशी चौकट उत्तम करतात, फक्त त्यांना सांगावे लागते की तळाला आणि चारही बाजूंना जाड रबर हवे, एकही बोल्ट आतल्या बाजूने वर आलेला नको आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके हवीत.

टपावर डबे ठेवले की वाफ मोकळ्या हवेत जाते, पण गाडीचे वजन वर सरकते आणि आडव्या उतारावर तेच वजन गाडी उलटायला मदत करते. त्यात दिवसभराचे ऊन. मागच्या दारावर ठेवले तर बिजागरी झिजते आणि मागून धडक बसल्यास पहिला घाव डब्यावर येतो. बाजूला लावले तर खडक आणि झाडांचे बुंधे. माझ्या मते पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकून, दोन्ही चाकांच्या मधल्या भागात, उभा आणि सावलीत ठेवलेला डबा सर्वांत सुरक्षित असतो. ज्या छोट्या युटिलिटी गाड्यांत इंजिनच हौद्याखाली असते, त्यांत मात्र सायलेन्सरची उष्णता कुठून वर येते ते हाताने पाहून मगच जागा ठरवावी. अग्निशामक इंधनाच्या डब्याशेजारी टांगू नये. पेट घेतल्यावर तिथे हात पोहोचणार नाही. दोन किलोचा कोरड्या पावडरीचा अग्निशामक चालकाच्या हाताशी असावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले की पेटते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते.

इंधन ओतण्याआधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि नरसाळे किंवा लवचीक तोटी वापरावी. एका सवयीबद्दल मात्र मला कळकळीने बोलावे लागेल. नळी टाकीत सोडून तोंडाने ओढून डिझेल काढणारे लोक आपल्याकडे गावोगावी आहेत. घोट तोंडात आला तर थुंकता येतो, पण त्याचे थोडे थेंब जरी श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला सूज येते, आणि ती काही तासांनी वाढते. अशा माणसाला उलटी करायला लावू नये, कारण उलटीबरोबर इंधन पुन्हा श्वासात जाते. त्याला थेट दवाखान्यात न्यावे. हातपंप दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

रिकाम्या डब्याविषयी सांगून मी थांबतो. भरलेल्या डब्यात वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा अपुरी पडते. रिकाम्या डब्यात तळाशी राहिलेल्या चार थेंबांची वाफ आणि भरपूर हवा यांचे नेमके मिश्रण होते. म्हणून जुना ड्रम वेल्डिंगला घेताना स्फोट होतात. पुरातला तो भोक पडलेला कॅन मला दाखवण्यासाठी कापायचा होता, तेव्हा आम्ही तो साबणाने धुतला, काठोकाठ पाण्याने भरला आणि ग्राइंडर न वापरता हाताच्या करवतीने कापला. त्याचा बुडाचा अर्धा भाग इथे टेबलावर ठेवला आहे. आत बोट घालून पाहिले तर भोकाच्या कडेला प्लास्टिक कागदासारखे पातळ झालेले लागते आणि बोल्टच्या षटकोनी डोक्याच्या खुणा अजून चाचपता येतात.