चावीच्या घड्याळाची शिदोरी

नमस्कार श्रोतेहो. पऱ्हाटीच्या वावरातून येऊन हातपाय धुऊन बसला असाल, तर आज चावीच्या घड्याळाबद्दल ऐका. विदर्भात कितीतरी घरी सासऱ्यानं लग्नात दिलेलं एचएमटी अजून जपून ठेवलेलं आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साथीनं १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. सकाळी चावी दिली की हे घड्याळ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, आणि वर आणखी थोडं चालतं. आठवडाभर का चालत नाही?

चावी देताना आतल्या गोल डबीत पोलादाची लांब पट्टी, म्हणजे स्प्रिंग, मधल्या दांड्याभोवती आवळली जाते. ती सुटू लागली की डबी फिरते आणि चाकांना फिरवते. हीच घड्याळाची शिदोरी. मग पट्टी लांब केली तर? डबी तेवढीच राहते ना! पट्टीच सगळी जागा खाते, तिला सुटायला वाव उरत नाही. दांड्याभोवतीची निम्मी जागा पट्टीनं भरली आणि निम्मी मोकळी राहिली, की सर्वांत जास्त फेरे मिळतात. मला या हिशेबाचं फार कौतुक वाटतं.

पट्टी पातळ करावी, तर जाडी निम्मी होताच जोर आठव्या हिश्शावर येतो. मग वेळ मोजणारं आतलं झुलतं चाक धड झुलतच नाही. म्हणून कारागिरांनी दोन डब्या एकामागं एक जोडल्या: जोर एकीचा, फेरे दोघींचे. जर्मनीच्या लांगे कंपनीनं २००७ साली ३१ दिवस चालणारं घड्याळ दाखवलं. त्यातल्या दोन पट्ट्या प्रत्येकी १.८५ मीटर लांब आहेत!

शिदोरीचा खर्च कमी करूनही मुदत वाढते. आजच्या बऱ्याच घड्याळांचं झुलतं चाक तासाला २८,८०० ठोके घेतं. काही स्विस कारखान्यांनी ते २१,६०० वर आणून ८० तासांची चाल मिळवली.

पट्टी सुटत जाते तसा जोर घटतो आणि चाल बिघडते. रात्रीच्या लाईटवर ओलिताला निघणाऱ्याला ही चूक भोवते. त्यामुळे रोज ठरल्या वेळी चावी द्या, आणि घट्ट लागली की थांबा. हाताच्या हालचालीनं चावी भरणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळात जास्त चावी बसायची भीती नाही. तिथं पट्टी पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवर आपोआप घसरतं.