नुसते आकडे

मंडळी, विषय सूर्याचं चक्र, म्हणजे त्याच्यावरच्या डागांचं सुमारे अकरा वर्षांनी कमीजास्त होणं, आणि वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून सतत येणारे वेगवान विद्युतभारित कण, हा आहे. पण आधी रद्दीची गोष्ट सांगतो. ती मनातून जात नाही.

मी शिकवायचो त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौदा वह्या होत्या. आमचे प्रयोगशाळा सहायक रोज सकाळी दहाला हवेचा दाब आणि तापमान लिहून ठेवत. दिवाळीच्या सुट्टीतही, सायकल मारत येऊन. एका मे महिन्यात रंगकाम निघालं आणि कपाट रिकामं झालं. वह्या कुठायत म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "सर, त्यात नुसते आकडेच होते!" (हशा) तुम्ही हसलात, मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता स्कॉट फोर्बुश या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाकडे बघा. अमेरिकेतलं चेल्टनहॅम, पेरूतलं वान्कायो, ग्रीनलंडमधलं गोडहाव्हन, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. या ठिकाणी वैश्विक किरणांमुळे वायूत होणारं आयनीकरण, म्हणजे विद्युतभार सुटणं, मोजणाऱ्या पेट्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या. या कामात हवेचा दाब पदोपदी लागतो. दाब चढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त, म्हणून मोजणी कमी भरते. ती दुरुस्ती केल्याशिवाय बाकीचा चढउतार ओळखताच येत नाही. म्हणजे आमच्या सहायकांसारखी वही तिथंही हवीच!

1937 ते 1952 या काळातल्या नोंदी मांडून फोर्बुशनं 1954 मध्ये दाखवलं, की सौरडाग वाढले की वैश्विक किरण घटतात आणि डाग कमी झाले की पुन्हा वाढतात. फरक केवढा? त्याच्या पेट्यांवर जेमतेम चार टक्के! पाच वर्षांत कंटाळून पेट्या बंद केल्या असत्या, तर अकरा वर्षांचं चक्र दिसलं असतं कसं?

आपल्याकडचंही सांगतो. उटीच्या ग्रेप्स-3 प्रयोगातल्या म्युऑन दुर्बिणीत, म्हणजे वैश्विक किरण हवेत आदळून तयार होणारे म्युऑन नावाचे कण मोजणाऱ्या यंत्रात, 3712 नळ्या आहेत, सहा-सहा मीटर लांब, लोखंडी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर चाललेला प्रयोग थांबला, तेव्हा तिथल्या नळ्या उटीत आणून पुन्हा कामाला लावल्या. रद्दीत घातल्या नाहीत हो! 22 जून 2015 ला याच दुर्बिणीनं सौरवादळात सुमारे दोन तास म्युऑनची वाढ टिपली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग कारण पटकन सांगतो. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा भारित कणांचा झोत, चुंबकीय क्षेत्र घेऊन बाहेर वाहतो, आणि आत येणाऱ्या विद्युतभारित कणांना त्या गुंत्यातून वाट काढावी लागते. सूर्य सक्रिय असला की गुंता दाट, कण कमी. ध्रुवाकडच्या न्यूट्रॉन मापकांवर (किरणांनी हवेत निर्माण केलेले न्यूट्रॉन मोजणारी यंत्रं) हा फरक पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जातो. आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ. पृथ्वीचं क्षेत्र कमी ऊर्जेचे कण अडवतं, म्हणून इथं फरक लहान.

सूर्याची चुंबकीय ध्रुवता प्रत्येक चक्रात उलटते, म्हणून खरी आवर्तनं बावीस वर्षांची. किरण सर्वाधिक असतात तेव्हा आलेखाला शिखर येतं: 1965 आणि 1987 ची शिखरं टोकदार, 1976 चं पठारासारखं सपाट. 2009 मध्ये सूर्य फार शांत होता, तेव्हा वैश्विक किरणांची अवकाशयुगातली तोवरची सर्वांत मोठी नोंद झाली. मापनयंत्रं येण्याआधीचा हिशेब झाडांच्या वलयांतल्या कार्बन-14 मध्ये मिळतो, कारण तो हवेत या किरणांमुळेच बनतो: 1645 ते 1715 सौरडाग जवळजवळ नव्हतेच, आणि कार्बन-14 चढलेला. 2012 मध्ये व्हॉयेजर-1 हे अवकाशयान सौरवाऱ्याच्या सीमेपार गेलं आणि किरण एकदम वाढले, तेव्हा तर…

घंटा झाली. व्हॉयेजरचे आलेख माझ्या पिशवीत आहेत, मी दाराशी थांबतो. आणि कुणाच्या घरी जुन्या हवामानाच्या वह्या असतील, तर कृपा करून मला आधी कळवा.